कळविण्यास अत्यंत

माझ्या साडूइतका राग आणणारा माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात नाही, आणि पालघर वेगळा होण्याआधी जिल्हा मोठा होता तेव्हाही नव्हता. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. म्हणजे रागाच्या भरातच लिहितोय, पण हा राग आता चांगला मुरलेला आहे, त्यामुळे विचारपूर्वक लिहितोय असं समजायला हरकत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार डोंबिवली पूर्व. तिथे त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता, आणि जन्मभर लोकांची लग्नं, मुंजी नि वास्तुशांती छापून काढल्यामुळे कागदावर कोणाला काय म्हणायचं हे जगात आपल्या एकट्यालाच कळतं, अशी त्यांची ठाम समजूत आहे. माझ्या लग्नात त्यांनी मला आहेराच्या पाकिटासोबत आमच्या पत्रिकेतल्या सात चुकांची यादी दिली होती. पत्रिका आम्ही दुसरीकडे छापली होती, हा खरा राग. पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, फक्त दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला फोन करून आठवी चूक सापडल्याचं सांगतात.

पुढे लोक लग्नाची आमंत्रणं मोबाइलवर धाडायला लागले आणि छापखाना बंद झाला. साडूभाऊ घरी बसले. घरी बसले म्हणजे मेहुणीच्या स्वयंपाकघरात बसले. सगळ्या डब्यांना त्यांनी सुवाच्य अक्षरात लेबलं लावली, तूरडाळीच्या डब्यावर ‘तूरडाळ (जुनी)’ आणि शेजारी ‘तूरडाळ (नवी)’, आणि मग मेहुणीने माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, “तुझ्या नवऱ्याच्या दुकानात यांना काहीतरी दे बाई, नाहीतर उद्या माझ्या कपाळावर लेबल येईल.” माझं खोपटला, एसटी डेपोच्या मागच्या रस्त्यावर, चष्म्याचं दुकान. डोळे तपासायला आलेल्या माणसाचं कार्ड आम्ही भरून घेतो, त्यावर त्याचा ई-मेलचा पत्ता असतो, आणि अशा सगळ्या गिऱ्हाइकांना महिन्याला एक छानसं, रंगीत, चित्रांचं पत्र मेलने पाठवावं असं माझ्या बरेच दिवस मनात होतं. नवीन फ्रेमा आल्यात, वाचायच्या चष्म्यावर सूट आहे, एवढंच. इंटरनेटवर त्यासाठी तयार साचे मिळतात. चौकटीत मजकूर भरायचा, चौकटीत चित्र टाकायचं, बटण दाबायचं. दहा मिनिटांचं काम. ते काम मी साडूभाऊंना दिलं, याबद्दल मी दुसऱ्या कोणाला दोष देऊ शकत नाही, आणि हेच मला जास्त झोंबतं.

शिकले मात्र ते पटकन. कॉम्प्युटरला घाबरणारे म्हातारे वेगळे. हे चार दिवसांत त्या साच्यात चौकटी इकडून तिकडे सरकवायला लागले आणि पाचव्या दिवशी त्या परदेशी कंपनीला ‘तुमच्या साच्यात डावा समास कमी आहे’ असं मराठीत कळवून मोकळे झाले. घोडं अडलं ते मायन्यावर. साच्यात पत्राच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाचं नाव आपोआप येतं, त्याच्या आधी एक शब्द आपण घालायचा असतो. मी म्हटलं, ‘नमस्कार’ घाला. साडूभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच ओशाळलो. “चष्मेवाले,” ते म्हणाले (मला ते याच नावाने हाक मारतात), “सत्तर वर्षांच्या माणसाला आणि कॉलेजातल्या मुलीला एकच मायना? आपण काय वीज मंडळ आहोत?” वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला तीर्थस्वरूप, कारण तीर्थरूप फक्त घरच्यांना, लहानांना चिरंजीव, बायकांना सौभाग्यवती, कुमारी किंवा श्रीमती, जे असेल ते. आता जे असेल ते कार्डावर कुठे असतं? तिथे असतो डोळ्याचा नंबर. मग साडूभाऊ फोनवर बसले. “नमस्कार, चष्म्याच्या दुकानातून बोलतोय. आपले यजमान बरे आहेत ना?” पलीकडची बाई हादरायची. “का हो? काय झालं यांना? आत्ता तर ऑफिसला गेले!” “काही झालेलं नाही, आपल्याला सौभाग्यवती लिहायचं की श्रीमती, एवढंच विचारायचं होतं.” कळव्याच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई नवऱ्याला घेऊन दुकानात आल्या, त्यांनी त्याला काउंटरसमोर उभा केला आणि म्हणाल्या, “हे घ्या. बघून घ्या नीट.” मी मान खाली घालून उभा होतो. साडूभाऊंनी नवऱ्याला नखशिखांत पाहिलं आणि यादीत सौ. लिहिलं.

एवढं करून गेलेलं पत्र कोणी उघडलं आणि कोणी नाही, हे त्या कंपनीकडून कळतं. ही सोय ज्याने काढली त्याने आमच्या साडूला पाहिलेलं नसणार. एक निवृत्त शिक्षक चष्म्याच्या दांडीचा स्क्रू घट्ट करायला आले होते. साडूभाऊ नम्रपणे त्यांच्याजवळ गेले. “सर, परवाचं पत्र आपण अकरा वाजून दहा मिनिटांनी उघडलंत. पण फ्रेमच्या एकाही चित्रावर बोट ठेवलं नाहीत. मजकुरात काही न्यून राहिलं का?” सर सैल दांडीचाच चष्मा घेऊन निघून गेले. मी दुकान बंद करेपर्यंत ओरडत होतो. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, “शाळामास्तर आहेत, चूक सापडली असेल तर सांगतील असं वाटलं.” दुसरी कटकट पाठवणाऱ्याच्या पत्त्याची. साच्यात पत्ता होता तो ‘या मेलला उत्तर देऊ नये’ अशा अर्थाचा. तो पाहून मात्र ते माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले. “पत्र पाठवायचं आणि वर उत्तर देऊ नका म्हणायचं? हे पत्र आहे की कोर्टाची नोटीस?” तेव्हापासून सगळी उत्तरं माझ्या मेलवर येतात आणि त्यात लोक चष्म्याखेरीज बाकी सगळं लिहितात.

पण कळस झाला तो शेवटच्या ओळीचा. ज्याला असली पत्रं नको असतील त्याने आपलं नाव यादीतून काढून घ्यावं यासाठी तळाशी एक बटण ठेवावंच लागतं, तसा नियम आहे. साडूभाऊंना तो नियमच मान्य नव्हता. आमंत्रण नको म्हणणारा माणूस त्यांनी हयातीत पाहिला नव्हता. शेवटी माझ्या आरडाओरड्यामुळे बटण ठेवलं, आणि त्यावर लिहिलं: ‘आमचा राग आला असल्यास येथे दाबावे.’ पहिल्या महिन्यात ते तिघांनी दाबलं. साडूभाऊ दोन दिवस जेवले नाहीत, असं मेहुणी सांगते. तिसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन ते त्यांच्यातल्या एका गृहस्थांच्या घरी खारीगावात हजर झाले आणि दारातच म्हणाले, “आमचं काय चुकलं?” गृहस्थांना काहीच आठवेना. चष्मा फुटून महिना झाला होता, बटणावर काय लिहिलंय ते न दिसताच त्यांनी दाबलं होतं. साडूभाऊ त्यांच्या चष्म्याची आणि त्यांच्या बायकोच्या चष्म्याची ऑर्डर घेऊन परत आले. माझी अडचण समजतेय का? या माणसावर धड रागावताही येत नाही. तोंड उघडावं तर हातात दोन चष्म्यांची ऑर्डर असते.

आणखी एक. मेल पाठवण्याआधी ते तो रंगीत छापून आणत. कागदावर. मग त्यावर लाल पेनने खुणा करत, दुरुस्ती करून पुन्हा छापत आणि खाली लिहीत, ‘छापण्यास हरकत नाही,’ आणि माझी सही घेत. “अहो, मेल छापत नाहीत!” मी कितीदा सांगितलं. “मग चुकलं तर जबाबदार कोण?” हे त्यांचं उत्तर. मी चडफडत सही करायचो.

अशात आमची इमारत पुनर्विकासाला गेली. खोपटचं दुकान सोडून मला वागळे इस्टेटच्या अलीकडे जागा घ्यावी लागली, तीही पहिल्या मजल्यावर. चष्म्याचा धंदा वाण्यासारखा नसतो. माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा येतो. तो आला, समोर बिल्डरचे पत्रे पाहिले, की पुढच्या चौकातल्या मोठ्या शोरूममध्ये शिरणार. आणि एकदा दुसरीकडे नंबर काढला, की तो कायमचा गेला. एकोणतीस वर्षं एकेक करून जोडलेली माणसं अशी एकेक करून जाणार, हे मला दिसत होतं. जुन्या शटरवर मी नव्या पत्त्याचा कागद लावला, तर बिल्डरच्या माणसांनी त्याच्यावर आपला बोर्ड ठोकला. फोन नंबर अर्ध्यांचे बदललेले. उरला मेल. मी साडूभाऊंना हात जोडून सांगितलं, “चार ओळी लिहा. दुकान हललं, नवा पत्ता हा, नकाशा हा. हे पत्र प्रत्येकाला पोचलंच पाहिजे, नाहीतर माझं दुकान बसलं.” ते म्हणाले, “तुम्ही काळजी करू नका.” तेव्हाच मी काळजी करायला हवी होती.

चार ओळींना त्यांनी नऊ दिवस घेतले. माथ्यावर ॥ श्री ॥ आणि गणपती, चारी कोपऱ्यांना कुंकवाची बोटं, आणि खाली नव्या पत्त्याची महिरपदार चौकट. पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने वळणदार अक्षरात लिहिला होता, आणि ते वळण मेलमध्ये तसंच राहावं म्हणून त्याचा फोटो काढून तो चित्र म्हणून चिकटवला होता. श्री चित्र, कुंकू चित्र, पत्ता चित्र. फक्त मधला मजकूर तेवढा टाइप केलेला. कागदावर सगळं झकास दिसत होतं. मी खोक्यांत फ्रेमा भरत होतो, तशीच सही केली.

सोमवारी सकाळी आठ वाजता पत्र गेलं. आता, पुष्कळांच्या मेलमध्ये अनोळखी पत्रातली चित्रं आपोआप उघडत नाहीत, त्यांच्या जागी पांढऱ्या चौकटी दिसतात. म्हणजे श्री गेला, कुंकू गेलं. मोबाइलवर विषयाची ओळ पूर्ण मावत नाही. साडूभाऊंनी विषय दिला होता, ‘आमच्या सर्व सुहृदांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की’. त्यातला दिसला एवढाच: ‘आमच्या सर्व सुहृदांस कळविण्यास अत्यंत’. आणि आत मजकूर होता: ‘आपल्या दुकानाचे मालक एकोणतीस वर्षांची अखंड सेवा संपवून खोपटहून कायमचे निघाले आहेत. ते कोठे गेले, हे खालील चौकटीत पाहावे.’ खाली चौकट पांढरी. आपल्याकडे माथ्यावर श्री नसलेलं पत्र कसलं असतं? मयताचं. आमच्या गिऱ्हाइकांतल्या निम्म्या लोकांनी साठी ओलांडलेली. त्यांना यात कोडं असं काही नव्हतंच.

साडेआठला पहिला फोन आला. “फार वाईट झालं हो. कधी गेले?” मी विचारलं, कोण? “मालक. आत्ताच पत्र आलं.” मी म्हटलं, “अहो, मालक मीच बोलतोय.” पलीकडून उत्तर आलं, “तुम्ही चिरंजीव का? आवाज अगदी वडिलांसारखा आहे.” असे दुपारपर्यंत किती फोन घेतले ते विचारू नका. एका गृहस्थांनी तर शेवटचा चष्मा अजून मिळायचा आहे, तो आता कोणाकडे मागायचा, असं विचारलं. खोपटला मी टेम्पोत शेवटचं कपाट चढवत होतो, तेवढ्यात चेंदणीच्या कोळीवाड्यातली मावशी हार घेऊन आली. तिच्या तिन्ही पिढ्यांचे चष्मे माझ्याकडचे. मला बघून ती जागच्या जागी थांबली. “आगं बाय! तुमी तं जित्तं हाव!” मी म्हटलं, “हो मावशी, चूक झाली.” “पोरानं मेल वाचला न् बोल्ला, चष्मेवालं गेलं. आता ह्यो हार मागारी नेऊ काय? घाला गल्यान.” आणि तिने भर रस्त्यात तो माझ्या गळ्यात घातला. टेम्पोवाला हसून हसून कपाट सोडून बसला.

तो हार गळ्यात असतानाच मी नव्या दुकानात जाऊन साडूभाऊंना बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुतार काम थांबवून ऐकत होता. तुम्ही माझा धंदा बुडवलात, जिवंतपणी माझं तेरावं घातलंत, स्वतःचा छापखाना बुडाला तो असाच बुडाला असणार, उद्यापासून या दुकानाची पायरी चढू नका. छापखान्याचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं होतं, पण मागे घेतलं नाही. साडूभाऊंनी फक्त एवढंच विचारलं, “श्री दिसला नाही कोणालाच?” मी म्हटलं, नाही. त्यांचा चेहरा उतरला. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला आणि जिन्याचा कठडा धरून खाली उतरले. घरी आल्यावर बायकोने तो छापील कागद माझ्यासमोर ठेवला. “भावोजींना बोललात ते कळलं मला. ही सही कोणाची आहे?” मग मी तिच्यावरही ओरडलो. तेवढंच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी मी एका एजन्सीला काम दिलं. त्यांनी ‘हाय, डिअर कस्टमर’ असं चकचकीत पत्र दहा मिनिटांत पाठवलं. पण आठवड्याभरात जुनी माणसं नव्या दुकानात यायला लागली. रोज दोन, रोज चार. जिना चढून, धापा टाकत. एजन्सीच्या मुलाला मी फोनवर शाबासकी दिली. साडूभाऊंचं नाव मी काढत नव्हतो, बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तीन आठवड्यांनी पाचपाखाडीच्या एका आजींचा नंबर काढताना मी सहज म्हटलं, “मेल मिळाला ना आमचा?” “कसला मेल?” आजी म्हणाल्या. “मी खोपटला गेलेले. तिथे पत्र्यांसमोर ते तुमचे गृहस्थ उभे असतात ना, त्यांनी मला रिक्षात बसवून दिलं. रिक्षावाल्याला दोनदा पत्ता समजावला. म्हणाले, मालक ठणठणीत आहेत, फक्त रागात आहेत.”

मी दुकान तसंच टाकून खोपटला गेलो. ऊन मी म्हणत होतं. बिल्डरच्या फाटकाच्या बाजूला, इस्त्रीचा शर्ट घालून, साडूभाऊ उभे होते. हातात गिऱ्हाइकांची यादी, कानाला पेन. दहा ते एक आणि पाच ते आठ, म्हणजे माझ्या दुकानाच्याच वेळा. घरी मेहुणीला त्यांनी फिरायला जातो असं सांगितलं होतं.

“हे काय चाललंय?” मी ओरडलोच. दुसरं काही येईना.

“कळवतोय,” ते म्हणाले. “पत्र पोचलं नाही, म्हटल्यावर तोंडी सांगायला नको?”

“अहो पण तीन आठवडे? या उन्हात?”

त्यांनी पेनने एका नावावर खूण केली. मग यादीकडेच बघत म्हणाले, “तुम्ही त्या दिवशी बोललात ते खोटं नव्हतं. छापखाना बंद केला तेव्हा मी कोणालाच कळवलं नाही. लाज वाटली. शटर ओढलं आणि घरी आलो. मग शेजारच्या सलूनवाल्याने सांगितलं, एक बाई मुलीच्या लग्नाचा मजकूर हातात घेऊन तीन दिवस येऊन गेली. शटरसमोर उभी राहायची आणि परत जायची. लोकांची पत्रं छापण्यात जन्म गेला, चष्मेवाले, आणि स्वतःचं एक पत्र लिहायचं तर हात उचलला नाही.”

मला त्यांची माफी मागायची होती. मी म्हटलं, “टोपी तरी घालायची.”

“राग गेला का?”

“नाही.”

“असू दे. अजून पुष्कळ माणसं यायची आहेत.” आणि त्यांनी मला यादी दाखवली. चार-पाच पानांवर खुणा झाल्या होत्या, बाकी गठ्ठा कोरा होता. इतकी माणसं आयुष्यात आपल्याकडे येऊन गेली, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्यांच्या हातातून अर्धी यादी घेतली आणि फाटकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो. वरचं पहिलंच नाव मला वाचता येईना. चष्मा दुकानात विसरलो, असं मी त्यांना ओरडून सांगितलं. तो माझ्या नाकावरच होता. साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, आणि आमच्या ओळखीत पहिल्यांदाच त्यांनी माझी चूक काढली नाही.